क्लाउडमधील दप्तर : जागा कोणाची, किल्ली कोणाकडे?

माळ्यावरील पत्र्याची ट्रंक हे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडील घरांचे दप्तरखाने होते. सातबाराचे उतारे, खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नातील छायाचित्रे हे सारे त्या एका पेटीत असे आणि तिची किल्ली घरातील वडीलधाऱ्यांकडे असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या ऐवजाचा मोठा भाग मोबाईलमध्ये आणि तेथून ‘क्लाउड’मध्ये गेला आहे. पुष्कळांच्या बाबतीत हे स्थलांतर नकळतच घडले. नवा मोबाईल दुकानदाराने सुरू करून दिला, दोन-चार ठिकाणी ‘मान्य’ असे बटण दाबले गेले आणि छायाचित्रे आपोआप दूरच्या संगणकावर जाऊ लागली. ही सेवा कोण देतो, तिचे मोल काय आणि आपली पेटी उघडण्याचा अधिकार आणखी कोणाला आहे, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

क्लाउड हे नाव काव्यमय असले, तरी आकाशाशी त्याचा संबंध नाही. अहोरात्र वीज व शीतकरण लागणाऱ्या मोठमोठ्या इमारतींत ओळीने मांडलेले संगणक, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये भारतात जी तीन केंद्रे सुरू केली, त्यांपैकी एक पुण्यात व एक मुंबईत आहे. इमारत म्हटली की तिला आग लागू शकते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ‘ओव्हीएच’ या कंपनीचे असे एक केंद्र जळून खाक झाले आणि ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली.

फुकट जागेचे गणित

सर्वसामान्य नागरिकाच्या वाट्याला येणाऱ्या सेवा मोजक्याच आहेत. गूगल १५ जीबी जागा विनामूल्य देते. मात्र ती ड्राइव्ह, जीमेल व छायाचित्रे या तिन्हींना मिळून असते. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी व ड्रॉपबॉक्समध्ये २ जीबी जागा फुकट मिळते. न्यूझीलंडमधील मेगा ही कंपनी २० जीबी देते. एक छायाचित्र साधारण ४ एमबीचे धरले, तर १५ जीबीमध्ये पावणेचार हजारांच्या आसपास छायाचित्रे मावतात. घरात एखादे लग्नकार्य व एखादे बारसे झाले, की ही मर्यादा दिसू लागते.

जागा संपली की सशुल्क योजनेकडे वळावे लागते. भारतात गूगलचा १०० जीबीचा दर गेली काही वर्षे मासिक १३० रुपये व वार्षिक १,३०० रुपये असा राहिला आहे. आयक्लाउडच्या ५० जीबीसाठी मासिक ७५ रुपये पडतात. म्हणजे लहान योजनांत एका जीबीला महिन्याला सव्वा ते दीड रुपया पडतो. मोठी योजना घेतल्यास हाच दर काही पैशांवर येतो. ड्रॉपबॉक्सची व्यक्तिगत सशुल्क योजना एकदम २ टीबीपासून सुरू होते व तिचे मोल महिन्याला दहा डॉलरच्या घरात जाते. ज्याला शंभर जीबी पुरे आहे, त्याला हा सौदा परवडणारा नाही. दर बदलत असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा.

तथापि केवळ दरपत्रकावरून निर्णय घेणे योग्य ठरणार नाही. हे भाडे आहे, खरेदी नव्हे. वर्षाला १,३०० रुपये म्हणजे दहा वर्षांत १३,००० रुपये होतात आणि भाडे थांबले की जागा जाते. शिवाय अटी एकतर्फी बदलतात, असा आजवरचा अनुभव आहे. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य जागा १ जून २०२१ पासून बंद केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर करून पुढील वर्षी आपली फुकट जागा १५ जीबीवरून ५ जीबीवर आणली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले व त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात आले. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांच्या नावे उघडून दिलेले आणि नंतर विसरले गेलेले खाते या नियमात नेमके सापडते.

सोयींच्या बाबतीत या सेवांत फारसे डावे-उजवे करण्यासारखे नाही. आयफोन असणाऱ्यास आयक्लाउड, अँड्रॉइड मोबाईल असणाऱ्यास गूगल आणि वर्ड-एक्सेलवर काम करणाऱ्यास वनड्राइव्ह सोयीचे पडते. परंतु एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. क्लाउडमधील प्रत व मोबाईलमधील प्रत या बहुधा एकमेकींशी जोडलेल्या असतात. मोबाईलमध्ये जागा करण्यासाठी छायाचित्र पुसले, की ते क्लाउडमधूनही पुसले जाऊ शकते. या प्रमुख सेवांत पुसलेली वस्तू सामान्यतः ३० दिवस कचरापेटीत राहते. त्यानंतर ती परत मिळेलच असे नाही. सबब महत्त्वाच्या ऐवजाची एक स्वतंत्र प्रत घरातील हार्ड डिस्कवर असावी, हे उत्तम.

किल्लीचा प्रश्न

कालिदासाच्या यक्षाने पत्नीसाठी निरोप मेघाच्या स्वाधीन केला, तेव्हा तो सर्व निरोप त्याला मेघास आधी सांगावा लागला. आजच्या मेघांचीही स्थिती बरीचशी तशीच आहे. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ड्रॉपबॉक्स या कंपन्या आपली माहिती कूटबद्ध करून, म्हणजे सांकेतिक रूपात, साठवितात हे खरे. चोराने यंत्र पळविले तरी त्याला ती वाचता येत नाही. पण सांकेतिक रूप उलगडण्याची किल्ली नेहमीच्या व्यवस्थेत कंपनीकडेच असते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात व ग्राहकाच्या किल्लीवाचून तो उघडत नाही. येथे मात्र दोन्ही किल्ल्या बँकेच्याच जुडग्यात आहेत.

यातून काय उद्भवू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. सॅन फ्रान्सिस्को येथील एका पित्याने २०२१ मध्ये आपल्या लहान मुलाच्या आजाराची छायाचित्रे डॉक्टरांना दाखविण्यासाठी काढली. ती आपोआप क्लाउडमध्ये गेली, तेथील यंत्रणेने ती बालशोषणाची म्हणून हेरली आणि गूगलने त्याचे खाते बंद केले. पोलिसांनी तपासाअंती त्याला निर्दोष ठरविले. परंतु वर्षानुवर्षांची पत्रे, छायाचित्रे व दूरध्वनी क्रमांक असलेले ते खाते त्याला परत मिळाले नाही, असे २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. बालकांच्या संरक्षणासाठी अशी तपासणी असणे समर्थनीय आहे; पण सारा संसार एकाच खात्यात ठेवण्यातील जोखीम या प्रकरणावरून ध्यानात यावी.

किल्ली ग्राहकाकडेच राहील अशाही सेवा आहेत. मेगा व स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन ड्राइव्ह या त्यांपैकी होत. ॲपलनेही डिसेंबर २०२२ पासून ही सोय टप्प्याटप्प्याने दिली. मात्र ती आपोआप सुरू होत नाही, ग्राहकाने ती स्वतः सुरू करावी लागते. ब्रिटनमध्ये तर तेथील सरकारच्या मागणीनंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती नव्या ग्राहकांसाठी मागे घेतली. या मार्गाची किंमत वेगळी आहे. पासवर्ड विसरला आणि सुटकेची सांकेतिक ओळही हरवली, तर ती पेटी कंपनीलाही उघडता येत नाही. म्हणून ती ओळ कागदावर लिहून जपून ठेवावी. तिच्यासाठी ती जुनी ट्रंक अजूनही चांगली.

पुष्कळदा दोष कंपनीचा नसून निष्काळजीपणाचा असतो. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचा तपशील चोरीस गेला. एका कर्मचाऱ्याने अन्यत्र वापरलेला पासवर्ड येथेही वापरला होता, हे त्याचे मूळ. आपणही सर्वत्र एकच पासवर्ड ठेवतो. तसेच ‘दुवा असणाऱ्या कोणासही पाहता येईल’ अशा रीतीने आधारची प्रत गृहनिर्माण संस्थेच्या गटावर पाठविली जाते. निदान शेवटचे चारच अंक दिसणारे, झाकलेल्या क्रमांकाचे आधार तरी अशा वेळी वापरावे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये विहित कारणांसाठी सांकेतिक माहिती उलगडून देण्याचा आदेश शासनास देता येतो.

डिजिलॉकरचे स्थान

दाखले व परवाने यांच्यासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०१५ रोजी सुरू केलेली डिजिलॉकर ही सेवा विनामूल्य आहे. तिच्यात दोन कप्पे असतात आणि त्यांतील फरक अनेकांना ठाऊक नसतो. पहिल्या कप्प्यात संबंधित कार्यालयाने किंवा मंडळाने स्वतः निर्गमित केलेले दस्तऐवज येतात. वाहन चालविण्याचा परवाना, गुणपत्रिका इत्यादी. २०१६ च्या नियमांतील पुढील वर्षीच्या दुरुस्तीनुसार त्यांना मूळ दस्तऐवजांइतकीच मान्यता आहे. दुसऱ्या, १ जीबीच्या कप्प्यात आपण स्वतः चढविलेल्या प्रती राहतात. त्या साध्या छायाप्रतीच होत. त्यांना ती मान्यता नाही. कौटुंबिक छायाचित्रांसाठी ही सेवा नाही, हेही स्पष्ट आहे.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. बँकेच्या खात्यास आपण नामनिर्देशन करतो. क्लाउडच्या खात्यास करीत नाही. खातेदाराच्या निधनानंतर पासवर्ड ठाऊक नसल्याने कुटुंबीयांना त्याची छायाचित्रेसुद्धा मिळू शकत नाहीत. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ व ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ या नावाने ही तरतूद उपलब्ध आहे. खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तेथे घरातील एका व्यक्तीचे नाव नोंदवावे व तसे केल्याचे त्या व्यक्तीस सांगून ठेवावे.