शिआनमध्ये एक दिवस, एकटीनं!

मैत्रिणींनो, खरं सांगा, याआधी तुम्ही एकट्या कधी फिरला होतात? भाजी आणायला किंवा बँकेत जातो, ते सोडून द्या. नुसतं फिरायला, मन रमेल तिथं थांबायला? मी आठवून पाहिलं, तर उत्तर आलं, कधीच नाही! आणि संधी आली ती थेट चीनमध्ये.

ह्यांच्या कंपनीच्या कामानिमित्त आम्ही शिआनला गेलो होतो. ह्यांची दिवसभर बैठक. "तू हॉटेलात आराम कर," हे म्हणाले. आता आराम करायला का मी एवढ्या लांब गेले होते? लेकीची जुनी शाळेची सॅक पाठीला लावली आणि निघाले. छाती धडधडत होती, हे कबूल करते.

शिआन म्हणजे पूर्वीचं चांगआन, तांग घराण्याची राजधानी. इथले मातीचे सैनिक जगप्रसिद्ध आहेत. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले. पण ती जागा शहराबाहेर सुमारे चाळीस किलोमीटरवर. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, म्हणून ते दुसऱ्या दिवशी दोघांनी पाहायचं ठरवलं. माझा दिवस शहराचा!

सकाळी दक्षिण दरवाजातून तटावर चढले. मिंग काळात बांधलेला हा तट सुमारे बारा मीटर उंच, आणि घेर जवळजवळ चौदा किलोमीटर. वरची वाट एखाद्या रस्त्यासारखी रुंद. तिथं सायकली भाड्यानं मिळतात. कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि बसले! पहिल्यांदा तोल गेला, पण बघून हसायला ओळखीचं होतंच कोण? पुढच्या दरवाजापर्यंत गेले आणि तिथं सायकल परत केली. (अनामत रक्कम परत घ्यायला विसरू नका.)

तिथून शहराच्या मधोमध असलेला घंटेचा मनोरा पाहिला. तो १३८४ सालचा. जवळच हुई मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तिथली मोठी मशीद चिनी देवळासारख्या उतरत्या छपरांची, शांत अंगणांची. बाहेर गल्लीत मात्र नुसती झुंबड! डाळिंबाचा ताजा रस प्यायले. शाकाहारी बायकांची इथं खरी परीक्षा, कारण जिकडे तिकडे बकऱ्याचं मटण. 'मी मांस, मासे, अंडी खात नाही' अशी चिनी भाषेतली चिठ्ठी हॉटेलात लिहून घेतली होती, ती दाखवली. ल्यांगपी नावाच्या थंड शेवया मिळाल्या, वर तिखट तेल आणि काकडी. एकटीनं टेबलाशी बसून, कुणाला वाढायचं नाही की कुणाचं उरलेलं संपवायचं नाही, असं मी कधी जेवले होते, ते आठवेना.

दुपारी मेट्रोनं मोठ्या हंस पॅगोड्याकडे गेले. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे ही माझी खरी ओढ. आपण ज्याला ह्युएनत्संग म्हणून शिकलो, तो इ. स. ६२९ च्या सुमारास बादशहाची परवानगी नसताना इथून निघाला आणि ६४५ साली परतला. येताना भारतातून ६५७ ग्रंथ आणले. ते ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. आज त्याचे सात मजले आहेत. हाच भिक्षू पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही आला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं. त्याच्या पुतळ्यापाशी मी बराच वेळ उभी राहिले. मुलांना त्याच्या सनावळ्या घोकायला लावल्या होत्या. त्यालाही वाट विचारावी लागली असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं!

आणि तेवढ्यात माझा फोन बंद पडला. नकाशा, भाषांतर, पैसे, सगळं त्यातच! अंधार पडत आलेला. डोळ्यांत पाणीच आलं. मग सॅकच्या कप्प्यातलं हॉटेलचं कार्ड काढलं आणि नातवाला फिरवणाऱ्या एका आजींना दाखवलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, माझा हात धरला आणि थेट मेट्रोच्या जिन्यापर्यंत आणून सोडलं. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळला नाही. तिकीट रोख नोटांनी काढलं.

म्हणून मैत्रिणींनो, निघताना एवढं कराच:

● हॉटेलचं चिनी लिपीतलं कार्ड फोनमध्ये नको, सॅकमध्ये हवं.
● पैसे देण्याचं तिकडचं ॲप घरूनच घ्या, आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा. तरी थोड्या युआनच्या नोटा ठेवा. पॉवर बँक विसरू नका (मी विसरले!).
● तिथल्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप चालत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाहीत.
● तिकिटांसाठी पासपोर्ट जवळ लागतो.
● टिश्यू कागद बरोबर असू द्या. सार्वजनिक स्वच्छतागृहात तो असेलच असं नाही.

हॉटेलात पोचले तेव्हा हे दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. "होतीस कुठं?" म्हणाले. मी सॅक खाली ठेवली आणि म्हटलं, "आधी चहा मागवा. मग सगळं सांगते. आणि हो, मी सायकल चालवली!"