वकिलात म्हणजे काय?

वकिलात म्हटले की कोर्ट नि काळा कोट आठवतो. पण हा वकील वेगळा. तो एका राज्याच्या वतीने दुसऱ्या राज्यात बोलतो. शिवचरित्रातले पंताजी गोपीनाथ आठवा. १६५९ साली ते महाराजांचे वकील म्हणून अफजलखानाकडे गेले होते.

आता अशा माणसाला राजदूत म्हणतात. तिकडे गेल्यावर तो आधी त्या देशाच्या प्रमुखाला आपल्या राष्ट्रपतींचे पत्र देतो. त्याची कचेरी म्हणजे वकिलात. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार तिथले पोलीससुद्धा परवानगीशिवाय आत शिरू शकत नाहीत. जमीन मात्र त्याच देशाची राहते बरं का!

खेड्यातल्या माणसाला याचा काय उपयोग? मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचे वाटते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावले. तिथे पोटापाण्यासाठी गेलेले लाखाहून जास्त भारतीय अडकले. विमानतळ बंद! मग लोक बसमधून वाळवंट तुडवत जॉर्डनच्या अम्मान शहरी पोचले. तिथल्या आपल्या वकिलातीने परतीची सोय लावली, आणि एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून जास्त माणसे मायदेशी आणली.

परदेशात पासपोर्ट हरवला तर पोलिसांना कळवून वकिलातीतच जायचे. निदान घरी परतण्यापुरता कागद तिथे मिळतो. ज्यांच्या घरचे कोणी आखातात आहे, त्यांनी त्याच्या पासपोर्टचा नंबर घरच्या वहीत लिहून ठेवावा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी