केनियातील ते तीन दिवस

निवडणुकीतील हिंसाचार म्हटला की मतदान केंद्रावरील मारामाऱ्या आणि पळविलेल्या मतपेट्या डोळ्यांपुढे येतात. पूर्व आफ्रिकेतील केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी तसे फारसे काही घडले नाही. लोक पहाटेपासून रांगांत उभे राहिले आणि मतदान बव्हंशी शांततेत पार पडले. अनर्थ ओढवला तो पुढल्या तीन दिवसांत. मोजणीच्या आरंभी विरोधी नेते रायला ओडिंगा आघाडीवर होते. मग काही मतदारसंघांचे निकाल अडून राहिले, जे आले त्यांतील आकडे स्थानिक केंद्रांवर जाहीर झालेल्या आकड्यांशी जुळेनात, आणि ३० तारखेच्या सायंकाळी राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी हे सुमारे २ लाख ३० हजार मतांनी विजयी झाल्याचे घोषित करण्यात आले. घोषणेमागोमाग, दिवेलागणीच्या सुमारास, शपथविधीही उरकण्यात आला. त्या रात्रीपासून किसुमू, नैरोबीच्या झोपडवस्त्या आणि रिफ्ट व्हॅलीचा सुपीक प्रदेश पेटला. दोन महिन्यांत ११०० हून अधिक माणसे प्राणास मुकली, सुमारे ६ लाख लोक परागंदा झाले. एल्डोरेटजवळ कियाम्बा येथे चर्चच्या आश्रयाला आलेली बायकामुले १ जानेवारीस चर्चसह जाळण्यात आली.

जगातील बऱ्याच वृत्तपत्रांनी या प्रकाराला ‘टोळीयुद्ध’ असे नाव देऊन आपली सुटका करून घेतली. ब्रिटिशांनी रिफ्ट व्हॅलीतील उत्तम जमीन गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखली होती. १९६३ साली स्वातंत्र्य आल्यावर तीतील बरीचशी जमीन किकुयू कुटुंबांकडे गेली आणि तेथील कालेंजिन समाजाच्या मनात सल राहिला. १९९२ व १९९७ च्या निवडणुकांच्या वेळीही याच प्रदेशात रक्त सांडले होते. म्हणजे सरण आधीच रचलेले होते. ठिणगी पडली ती पंचावर विश्वास न उरल्यामुळे. निवडणूक आयोगातील बहुतेक सदस्य किबाकींनी विरोधकांना न विचारता नेमले होते, आणि न्यायालयाचे दार ठोठावण्यास ओडिंगांचा पक्ष तयार नव्हता, कारण न्यायाधीशांवरही त्याचा भरवसा नव्हता. पोलिसांविषयी काय बोलावे? मृतांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बंदुकीच्या गोळीने मेले. हा रोग आफ्रिकेचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. मतदारयादीचा तंटा न मिटविता निवडणूक रेटली की काय होते, ते आसामात नेली येथे १८ फेब्रुवारी १९८३ रोजी आपण पाहिले आहे.

गोमंतकीयांना तर केनिया परका नाहीच. तेथील रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत आपल्या किती पिढ्यांची हयात गेली! नैरोबीत जन्मलेले आणि गोवामुक्तीच्या चळवळीतही वावरलेले पियो गामा पिंटो हे रायलांचे वडील ओगिंगा ओडिंगा यांचे निकटचे सहकारी होते. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत राहत्या घरापाशी त्यांचा खून झाला. भूमिहीनांना जमीन मिळावी हा त्यांचा आग्रह होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

२२ जानेवारी २००८ रोजी कोफी अन्नान नैरोबीत उतरले आणि २८ फेब्रुवारीस त्यांनी किबाकी व ओडिंगा यांच्या सह्या एका करारावर घेतल्या. ओडिंगांना पंतप्रधानपद मिळाले. त्या कराराचे श्रेय अन्नान यांना द्यायलाच हवे. तथापि शांततेचे जे काम आम्हाला अधिक मोलाचे वाटते, ते याच्या पंधरा वर्षे आधी, ईशान्येच्या रखरखीत वाजिर जिल्ह्यात सुरू झाले होते. १९९२ च्या निवडणुकीनंतर तेथील सोमाली कुळांत वैर इतके माजले, की बाजारात एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईशी देवघेव करीनाशी झाली. १९९३ साली एका लग्नाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या काही स्त्रियांनी हे थांबविण्याचे मनावर घेतले. कोणत्याही कुळाच्या बाईने कोणाकडूनही माल घ्यावा, कोणालाही विकावा, आणि तंटा उद्भवलाच तर तो तिथल्या तिथे मिटवावा, एवढाच त्यांचा नियम! त्यावर लक्ष ठेवायला त्यांनी आपली समिती नेमली. मग त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, तरुणांकडे गेल्या, अखेर सरकारी अधिकाऱ्यांकडे. १९९५ साली या कामाला जिल्हा प्रशासनात अधिकृत स्थान मिळाले आणि पुढे तशाच समित्या अन्य जिल्ह्यांतही निघाल्या. या कामातील अग्रणी देखा इब्राहिम अब्दी याच २००८ च्या जाळपोळीत, काही निवृत्त सेनानी व मुत्सद्दी यांना बरोबर घेऊन, राजधानीत समेटासाठी झटत होत्या.

करारानंतर न्यायमूर्ती क्रीग्लर यांच्या आयोगाने निकालाची छाननी केली, आणि खरोखर कोण जिंकले हे सांगणेच अशक्य आहे, असा निर्वाळा दिला! जुना निवडणूक आयोग बरखास्त झाला. २०१० च्या नव्या राज्यघटनेने सत्ता ४७ परगण्यांत वाटली आणि अध्यक्षीय निवडणुकीचा तंटा सर्वोच्च न्यायालयाने १४ दिवसांत निकाली काढावा असे ठरविले. २०१३ साली ओडिंगा हरले, न्यायालयात गेले, तेथेही हरले आणि त्यांनी निकाल मानला. मात्र त्या निवडणुकीतील शांततेविषयी आमच्या मनात किंतु आहे. २००८ ची धास्ती एवढी होती, की मोजणीची यंत्रे बंद पडल्याबद्दल प्रश्न विचारणाराही शांततेचा वैरी ठरू लागला. ती शांतता निम्मी भीतीची होती. २०१७ साली न्यायालयाने धाडस केले. १ सप्टेंबरला त्याने विद्यमान अध्यक्ष उहुरू केन्याटा यांचा विजयच रद्दबातल ठरविला. आफ्रिकेत असे प्रथमच घडत होते. फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार घातला, पोलिसांच्या गोळ्यांनी पुन्हा माणसे मेली, आणि मार्च २०१८ मध्ये दोघा नेत्यांनी हस्तांदोलन केले. २०२२ साली मात्र ४६ हजारांवर मतदान केंद्रांचे सहीनिशी निकालपत्रक जसेच्या तसे सर्वांना पाहण्यास खुले करण्यात आले. विल्यम रुटो ५०.४९ टक्के मतांनी निवडून आले. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालावरून हात झटकले, तरी देश पेटला नाही. ज्याला शंका होती त्याला बेरीज स्वतः करून पाहता येत होती.

एवढे सारे मिळविल्यावर केनियाने काय करावे? जानेवारी २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत निवडणूक आयोगाच्या अध्यक्षाची व सदस्यांची आसने रिकामी ठेवली. ती भरून तीन महिने होतात न होतात तोच, १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, उपचारांसाठी आपल्या केरळात आलेल्या रायला ओडिंगांचे निधन झाले. २००७ पासूनच्या प्रत्येक तंट्यात एका बाजूला उभा राहिलेला आणि दर वेळी अखेर कोणाशी तरी हात मिळविणारा तो माणूस ऑगस्ट २०२७ च्या निवडणुकीत नसेल. रिफ्ट व्हॅलीतील जमिनीचा तंटा मात्र तेव्हाही असेल.