रामेछाप ते लुक्ला: अंतर 74 किलोमीटर, वेळ 20 मिनिटं, आणि हातात ठेवा दोन दिवस

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांचा एक प्रश्न कायम असतो: रामेछाप ते लुक्ला विमानाला किती वेळ लागतो? उत्तर एका ओळीचं वाटतं, पण त्यावर परतीचं तिकीट काढाल तर फसाल.

आधी हे रामेछाप कुठून आलं? काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. त्यामुळे ट्रेकिंगच्या सीझनमध्ये तिथे फार गर्दी होते आणि लुक्लाची बरीचशी विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून मंथली रस्त्याने साधारण 130 किलोमीटर, म्हणजे घाटातले चार-पाच तास. सकाळचं विमान गाठायला मध्यरात्रीनंतर लगेच गाडीत बसावं लागतं.

आता अंतर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश सूत्रात टाकले की पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ अंतर येतं सुमारे 74 किलोमीटर. वेळ काढताना मात्र गडबड होते. मोठ्या जेटचा ताशी 800 किलोमीटर वेग धरला तर उत्तर येतं साडेपाच मिनिटं. टेक-ऑफ, लँडिंगसाठी सरसकट अर्धा तास मिळवला तर 36 मिनिटं. दोन्ही चूक! इथे उडतात ट्विन ऑटर आणि डॉर्नियर 228 सारखी पंख्यांची छोटी विमानं. ट्विन ऑटरचा वेग ताशी 280 च्या आसपास धरला तर सोळा मिनिटं होतात. त्यात मंथलीच्या पाचेकशे मीटर उंचीवरून लुक्लाच्या 2,800 मीटरच्या वर चढायचं आहे. म्हणून प्रत्यक्षात पंधरा ते वीस मिनिटं लागतात.

पण खरा वेळ हवेत नाही, जमिनीवर जातो. लुक्लाची धावपट्टी फक्त 527 मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, यावरून अंदाज घ्या. वर तिला सुमारे 12 टक्के चढ. चढावर उतरायचं, म्हणजे वेग कमी होतो. उतारावरून सुटायचं, म्हणजे वेग मिळतो. वरच्या टोकाला डोंगर असल्यामुळे शेवटच्या क्षणी 'परत एक चक्कर मारू' ही सोय नाही. पायलटला धावपट्टी डोळ्यांनी दिसायलाच हवी. दुपारी ढग आणि वारा वाढतो, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळीच होतात.

तीच मोजकी विमानं सकाळभर फेऱ्या मारतात. पहिली फेरी धुक्यामुळे दोन तास लांबली की मागची सगळी रांग सरकते, आणि शेवटच्या फेऱ्यांची वेळ येईपर्यंत ढग आलेले असतात. मग तुमचा नंबर उद्या. उद्याही हवा खराब असेल तर परवा.

म्हणून हिशोब असा करा. लुक्लाहून परतीची तारीख आणि काठमांडूहून भारतात यायचं विमान यांच्यात किमान दोन दिवस मोकळे ठेवा. त्याच संध्याकाळचं तिकीट तर काढूच नका, कारण मंथलीला उतरल्यावरही चार-पाच तासांचा रस्ता बाकी असतो. शक्य असेल तर पहाटेच्या पहिल्या फेऱ्यांमधली सीट मागा. विमान वेळेवर सुटलंच, तर ते दोन दिवस काठमांडूत मोमो खात मजेत जातील!