कोण कोणाला जाब देतो: दिंडोशीतली सरकारी यंत्रणा

मुंबईतल्या दिंडोशी परिसरात एकाच घडणीचे सरकार नांदत नाही. 1949 सालची आरे दुग्ध वसाहत थेट राज्याच्या दुग्धव्यवसाय विकास खात्याची. तिच्याबद्दल विधिमंडळात मंत्र्याने उत्तर द्यायचे. शेजारची चित्रनगरी 1977 साली स्थापन झालेल्या महामंडळाकडे, म्हणजे तिथे संचालक मंडळ आणि ताळेबंद. घरबांधणी करणारी म्हाडा 1976च्या स्वतंत्र कायद्यातून आली, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झोपडपट्टी कायद्याच्या 1995च्या दुरुस्तीतून. मतदारांनी थेट निवडायची संस्था यांत एकच, 1888च्या कायद्यावर चालणारी महापालिका. हा पसारा पाहून ‘सगळे एका प्राधिकरणाकडे द्या’ असे अनेकांना वाटते. रहिवाशांची दमछाक खरी आहे, पण हा उपाय मला घातक वाटतो. आरेतल्या मेट्रो-3च्या कारशेडचे उदाहरण घ्या. जमीन दुग्ध खात्याची, बांधणारी कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची आणि झाडे तोडायची परवानगी मात्र महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची, जिथे नगरसेवकही बसत. परवानगी देणारा वेगळा होता म्हणूनच निर्णय कागदावर आला, त्याला आव्हान देता आले. तरीही ऑक्टोबर 2019मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच काही दिवसांतच दोन हजारांहून अधिक झाडे पडली, मग या विभागणीचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. झाडे वाचली नाहीत, हे मान्यच. पण बांधणारा आणि परवानगी देणारा एकच असता, तर तेवढा वादही उभा राहिला नसता. वेगाने बांधायला कंपनी हवी, हेही मला पटते. फक्त तिच्या कामाची परवानगी तिच्याच हाती नको.

वेगवेगळ्या घडणीच्या संस्था ही फक्त आपलीच अडचण नाही; अधिकार आणि संस्थेचा प्रकार यांचा मेळ चीनलाही घालावा लागतो. तिथे राज्य परिषदेखाली, म्हणजे केंद्र सरकारखाली, मंत्रालये आहेत, थेट तिच्या अखत्यारीतली कार्यालये आहेत, आणि शिन्हुआ वृत्तसंस्था किंवा विज्ञान अकादमीसारख्या सेवासंस्थाही. शेअर बाजाराचा नियामक अनेक वर्षे या सेवासंस्थांतच मोडत होता. 2023मध्ये त्याला रीतसर सरकारी कार्यालयाचा दर्जा मिळाला. अर्थात तिथला जाब वर, पक्षाकडे जातो. आपल्याकडे तो खाली, मतदारांकडे यायला हवा, आणि नेमका तो झोपडपट्टी पुनर्वसनात अडतो. पुनर्वसनाच्या क्षेत्रात नियोजन करणारे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणच, बिल्डरला मंजुरी देणारे तेच, अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री. शिखर तक्रार निवारण समितीतही अधिकारीच. मार्च 2022नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेतही नगरसेवक नव्हते, तेव्हा दिंडोशीतल्या टेकडीच्या उतारावरच्या वस्त्यांना जवळचा असा निवडलेला माणूसच उरला नाही. प्राधिकरण मोडायची गरज नाही. पात्रतेची यादी आणि आराखडा यांवर सही होण्याआधी प्रभागाच्या नगरसेवकांसमोर त्यांची जाहीर सुनावणी व्हावी, एवढी तरतूद कायद्यात हवी.