‘एस-९०’ची शेवटची झेप

चारशे टनांची बोट ती काय, आणि समुद्रात तिचा पाड तो काय! पण पहिल्या महायुद्धात अशाच एका जुनाट जर्मन बोटीने जवळजवळ नवपट मोठी जपानी क्रूझर एका रात्रीत रसातळाला धाडली. या बोटीला धड नावही नव्हते. जर्मन आरमारात पाणतीर सोडणाऱ्या बोटी सहसा बांधणाऱ्या कारखान्याच्या आद्याक्षरावरून आणि क्रमांकावरून ओळखल्या जात. एल्बिंगच्या शिखाऊ कारखान्यात १८९९ साली पाण्यात उतरलेली ही बोट ‘एस-९०’ झाली.

लांबी सुमारे ६३ मीटर, पाणतीर सोडण्याच्या तीन नळ्या आणि तीन लहान तोफा, एवढाच तिचा संसार. अंगावर चिलखत नाही. मोठ्या जहाजाचा एखादा गोळा वर्मी बसला, की खेळ आटोपला. पाणतीर नेमका बसायचा, तर शत्रूच्या अगदी जवळ जायला हवे. म्हणून अशा बोटींची भिस्त दोनच गोष्टींवर असे: वेग आणि काळोख.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड पेटले, तेव्हा ‘एस-९०’ पूर्वेकडे रवाना झाली आणि पुढे तिकडचीच झाली. शांतुंग प्रांतातील चिंगताओ हे बंदर जर्मनीने १८९८ साली चीनकडून ९९ वर्षांच्या पट्ट्याने लिहून घेतले होते. तिथे गोदी, बराकी, तटबंदी उभी राहिली. बियरचा कारखानासुद्धा निघाला!

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध भडकले. मोठ्या जर्मन क्रूझर आधीच पॅसिफिकमध्ये दूर गेल्या होत्या. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मद्रासवर गोळे टाकणारी ‘एम्डेन’ही इथूनच निघालेली. मागे राहिल्या काही तोफनौका, ऑस्ट्रियाची एक जुनी क्रूझर आणि आपली ‘एस-९०’. २२ ऑगस्टला ‘केनेट’ या ब्रिटिश विनाशिकेने तिचा पाठलाग केला. पण त्या झटापटीत ‘केनेट’वरचेच खलाशी दगावले आणि तिला माघार घ्यावी लागली. दुसऱ्याच दिवशी जपानने युद्ध पुकारले आणि लवकरच बंदराला समुद्राकडून वेढा पडला.

१७ ऑक्टोबरची रात्र. कप्तान हेल्मुट ब्रुनर याने काळोखाचा फायदा घेऊन बोट बंदराबाहेर काढली. वेढ्याच्या फळीत ‘ताकाचिहो’ ही ३,६५० टनांची क्रूझर होती. ही काही नवशिकी नव्हे. १८९४ मध्ये यालूच्या लढाईत चीनशी आणि १९०४ मध्ये उल्सानजवळ रशियाशी ती झुंजली होती. मात्र आता ती म्हातारी झाली होती आणि तिच्या पोटात पाणसुरुंग भरलेले होते.

मध्यरात्र उलटल्यावर ‘एस-९०’ने तिला जवळून गाठले. तीन पाणतीर एकामागून एक सुटले. प्रचंड स्फोट झाला आणि क्षणार्धात जहाज नाहीसे झाले. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वाचले ते अगदी मोजके.

आता परतायचे कसे? स्फोटाने सारा वेढा खडबडून जागा झालेला, बंदराची वाट बंद, आणि कोळसा संपत आलेला. ब्रुनरने बोट दक्षिणेला वळवली, चिनी किनाऱ्याला लावली आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आपल्याच हातांनी निकामी केली. चीन तेव्हा तटस्थ होता. युद्धाच्या नियमाप्रमाणे चिनी अधिकाऱ्यांनी खलाशांना नानकिंगला स्थानबद्ध केले. बोट गेली, पण माणसे वाचली.

या पराक्रमाने चिंगताओ मात्र वाचले नाही. जपानी फौजेबरोबर थोडे ब्रिटिश सैन्यही लढत होते, आणि त्यात सारागढीच्या लढाईने गाजलेल्या ३६ व्या शीख पलटणीची एक तुकडी होती. ७ नोव्हेंबरला बंदर शरण आले. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने तिथले जर्मन हक्क जपानला दिले, तेव्हा पेकिंगचे विद्यार्थी चवताळून रस्त्यावर उतरले. अखेर १९२२ साली चिंगताओ चीनला परत मिळाले. ज्या भूमीसाठी जर्मन आणि जपानी खलाशी एकमेकांच्या जिवावर उठले, ती त्या दोघांपैकी कोणाचीच नव्हती!