बायोप्सीत काही सापडलं नाही, तरी पीएसए वाढतोय? लपलेला प्रोस्टेट कॅन्सर शोधायला एमआरआयची मदत

रात्रीतून चार वेळा लघवीला उठावं लागलं तरी गावाकडची मंडळी 'वय झालं' म्हणून दुखणं अंगावर काढतात. बहुतेकांना हा त्रास प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीमुळं होतो. कॅन्सर मात्र सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही, म्हणून तो उशिरा कळतो.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी असते. संशय आला की रक्तातला पीएसए तपासतात. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. साध्या वाढीनं किंवा लघवीच्या संसर्गानंही तो वाढतो.

आधी अशा वेळी थेट बायोप्सी व्हायची. सोनोग्राफीच्या मदतीनं सुईनं ग्रंथीच्या ठरलेल्या जागांचे 10 ते 12 बारीक तुकडे काढायचे. पण सोनोग्राफीत कॅन्सर बऱ्याचदा वेगळा ओळखू येत नाही. पाण्याचा अंदाज न घेता बोअर मारावा, तसाच हा प्रकार. ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ सुईला चुकते आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

एमआरआयमध्ये चुंबकाच्या साहाय्यानं ग्रंथीचे बारीक फोटो निघतात. कॅन्सरच्या जागी पेशी दाट असतात, तिथं पाण्याची हालचाल मंदावते. ती जागा वेगळी दिसते. डॉक्टर संशयाला 1 ते 5 गुण देतात. साधारण 3 किंवा जास्त गुण असतील, तर त्याच जागेवर नेम धरून बायोप्सी करतात.

ब्रिटनमध्ये 576 पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल 2017 मध्ये आले. धोकादायक कॅन्सर असलेल्या 100 जणांपैकी एमआरआयनं सुमारे 93 जण ओळखले, तर जुन्या पद्धतीच्या बायोप्सीनं फक्त 48. शिवाय सुमारे चौथ्या हिश्श्याच्या पुरुषांची बायोप्सी टाळता आली असती.

तरी एमआरआय म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. काही गाठी त्यातूनही सुटतात आणि कॅन्सर पक्का ठरतो तो बायोप्सीतच.

लक्षात ठेवा : एमआरआय शक्यतो बायोप्सीच्या आधी करावा, नंतर आत साकळलेल्या रक्तामुळं चित्र अस्पष्ट येतं. यात एक्स-रेचे किरण नसतात. पेसमेकर, अंगातली धातूची वस्तू किंवा किडनीचा आजार असेल तर आधी सांगा. वडील किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर तेही लाज न बाळगता डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि बायोप्सी चांगली येऊनही पीएसए चढतच असेल, तर 'एमआरआय करायचा का?' एवढं नक्की विचारा.